देवापर्यंतची नदी

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. सरकारनं मूळ नाही विचारलं, काठ विचारला. धामणगाव रेल्वे स्टेशनाहून बैलगाडीनं जायचं, वर्धा नदीच्या काठचं ते गाव. साठ-एकसष्टच्या हिवाळ्यात तिथं हरिहर नावाचे मोजणीदार आले. काही वर्षांमागच्या मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं तिथवर नदीची हद्द. हद्दीतली घरं उठवायची आणि त्यांना मुरमाड माळावर जागा द्यायची, असा हुकूम होता.

"पाणी कुठवर चढलं होतं?" त्यांनी विचारलं.

"देवापावतर," खुशालराव पाटलांनी कडुनिंबाच्या पारावरच्या शेंदऱ्या दगडाकडे हात केला.

सुंदराबाई गर्दीतून पुढं सरकली. तिचं घर निंबाच्या खालच्या अंगाला, नदीकडे होतं.

खरं तर पाणी तिच्या अंगणातच थांबलं होतं, उंबऱ्याला शिवलंसुद्धा नव्हतं. पण थांबण्याआधी, सुटलेली बकरी धरायला धावलेल्या शालूला त्यानं नेलं. सात वर्षांची, एकुलती एक पोर. पूर ओसरल्यावर तिच्या बापानं, डोमाजीनं, ती शेवटची दिसली तिथं, अंगणातच, दगड रोवला आणि शेंदूर फासला. पाणी इथून माघारी फिरलं म्हणून गावच्या बायकाही तिथं ओटी भरून गेल्या.

छप्पन साली डोमाजी नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला. "सारे देव नदीत टाकून ये," त्यानं बायकोला सांगितलं. बाकीचे तिनं खुशाल टाकले. त्यांनी तिचं असं काय भलं केलं होतं! पण तो दगड? ज्या नदीनं पोर गिळली, तिच्याच घशात तोही घालायचा? हात धजेना. गवऱ्यांच्या टोपलीत झाकून तिनं तो वर निंबाखाली नेऊन ठेवला, आणि घरी सांगितलं, टाकला.

झालं! देव आपल्या पायांनी अंगण सोडून वर चालत आला, अशी गावभर बोंब. नारळ फुटले, पार बांधला. गावाला एकदा येड लागलं की कोण आवरणार? लोकांनी दुसराच दगड मांडला असेल, असं समजून डोमाजी तिकडे बघतही नसे. सुंदराबाई गप्प राहिली.

आता गप्प राहावं तर घर जात होतं आणि बोलावं तर नवऱ्याला फसवल्याचं चारचौघांत उघडं पडत होतं. ती बोलली.

"सायेब, तो दगड म्या नेला वर. पानी आमच्या आंगनातच थांबलं होतं."

हरिहर पाटलांकडे वळले. "काय पाटील?"

पाटलांना काय पूर ठाऊक नव्हता? पण हो म्हणावं, तर ज्याच्यापुढे डोकं टेकलं तो देव या बाईनं गवऱ्यांतून आणलेला ठरत होता. आणि देव चालत आला म्हणावं, तर सरकारी माणूस हसला असता.

"देव पह्यलेपासून इथंच आहे," ते म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. अंगणात येऊन ओटी भरून गेलेल्या चतुराबाईनंसुद्धा.

"बाई, घर तुमचं आहे. तुम्ही असंच म्हणणार," हरिहर हळूच म्हणाले. माणूस वाईट नव्हता. पण त्यांनी दोरी ताणली आणि पाराला लागून चुन्याची रेघ ओढली.

डोमाजी तेव्हा एक अक्षर बोलला नाही. त्यानंतरही नाही. घर मोडायच्या दिवशी तो मुकाट्यानं छपरावरचे कवेलू उतरवून गाडीत रचत होता.

"शिव्या द्या मले, पन बोला," सुंदराबाई म्हणाली.

"म्याबी नसता टाकला," तो म्हणाला. "पन मले सांगाचं व्हतं."

डोमाजी अंगणाच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"इतके दिवस म्हनत होतो, नदीनं दारात येऊन पोर नेली आपली. आता कागदावर हे आंगनच नदी झालं, सुंदरा. म्हंजे आपली शालू नदीतच खेळत होती."