ओ देईल त्यानं जायचं

अवसरी बुद्रुकच्या गोरखची जीभ घरात तलवारीसारखी चाले. उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, की ती आपोआप म्यानात जाई.

शेजारच्या जानकूच्या गच्चीवरची टाकी रोज पहाटे भरून वाहायची आणि ते पाणी भिंतीवरून थेट गोरखच्या अंगणात उतरायचं. अंगणात शेवाळ धरलं होतं. त्याची आई, ठकूबाई, एकदा त्याच्यावरून घसरून पडतापडता वाचली होती. गोरख दात घासताघासता जानकूच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा, तोही खालच्या आवाजात. मग तोंड पुसून बाहेर यायचा आणि जानकू दिसला की हसून विचारायचा, "काय भाऊ, बरं हाय ना?"

"अवं, एकदा सांगा की त्यान्ला," इंद्रायणी, त्याची बायको, म्हणायची.

"त्याला काय डोळं न्हाईत? आपुन कशाला वाईटपणा घ्यायचा?" असं म्हणून गोरख आपला टेम्पो उलटा घेत गल्लीतून बाहेर काढायचा आणि भाजी घेऊन मंचरच्या बाजाराला निघायचा. टेम्पो उलटा घेताना वाजणारं गाणं त्यानं हौसेनं बसवून घेतलं होतं. पहाटेच्या शांततेत ते फार गोड वाटतं, असं त्याचं मत होतं.

मंडळी, हसू नका. असा गोरख आपल्याही घरात एखादा सापडेलच.

मंचरच्या बाजारात आहुप्याकडचा ज्ञानेश्वर तांदूळ विकायला यायचा. त्याची गोरखशी चांगली ओळख. ज्ञानेश्वरनं यंदा आपल्या भातखाचरांच्या शेजारी मोकळ्या जागेत तंबू लावले होते. शहरातली, गावातली माणसं रात्रीच्या मुक्कामाला येत, नाचणीची भाकरी आणि पिठलं खात आणि चांदणं बघत. "एकदा या की राव, आईला घेऊन," असं तो कितीदा म्हणाला. दिवाळी आटोपली तशी इंद्रायणीनं मनावरच घेतलं. ठकूबाई आणि इंद्रायणीला टेम्पोच्या केबिनमध्ये बसवून गोरख आहुप्याला पोचला.

उन्हं कलली होती. खाचरांत भात पिवळं होऊन कापणीला आलं होतं. प्रत्येकाच्या खाचराच्या कडेला चार खांबांवर उभा केलेला राखणीचा माळा दिसत होता. चहा पिताना ज्ञानेश्वरनं समोरच्या माळ्याकडं बोट दाखवलं. एक म्हातारी हातात काठी घेऊन शिडीनं वर चढत होती.

"ती माजी आई, सखूबाई. राखणीला रोज मीच जातो. पर आज पावणं हायेत, म्हनून तीच गेली."

"एकटी?" ठकूबाईनं विचारलं.

"एकटी कशी? पल्याडच्या माळ्यावर भागूकाका हाय, त्याच्या पल्याड आनिक एक. रानडुकरं आली की लांब हाकारा द्यायचा, म्हंजे ती पळत्यात. आनि मानसाची गरज पडली, तर तोडून तोडून हाकारा द्यायचा. असा, ओऽ, ओऽ, ओऽ. मग जो ओ देईल त्यानं जायचं. बाकीच्यांनी आपापला माळा सोडायचा न्हाई. समदेच पळालं, तर डुकरं समदी खाचरं फस्त करतील ना!"

"म्हंजे ओ दिला, की जबाबदारी आली," ठकूबाई म्हणाली.

"हां. आमच्यात ओ कुनी फुकट देत न्हाई."

गोरखला ही रीत फार आवडली. घरी गेल्यावर चार माणसांना सांगायची, असं त्यानं ठरवूनही टाकलं.

अंधार पडायला आणि एक मोठी गाडी धुरळा उडवत यायला एकच गाठ पडली. नारायणगावची सहासात पोरं उतरली. त्यांचा म्होरक्या ऋषी, उंच आणि हसरा. पोरांनी तंबू धड बघितलेही नाहीत. आधी गाडीतून कमरेएवढा स्पीकर उतरवला आणि पुढच्या क्षणाला दणदणाट सुरू झाला. तंबूचं कापड धडधडायला लागलं. ठकूबाईनं कानांवर पदर घेतला.

"झालं वाटुळं!" गोरख तंबूत बसून फणफणला. "काय रीत हाय का न्हाई? आईबापानं शिकवलं न्हाई का? रानात येऊन बी ह्यान्ला हाच धिंगाणा पायजे!"

"मग जाऊन सांगा त्यान्ला," इंद्रायणी म्हणाली.

"मी? मी काय मालक हाय का? मालक सांगंल."

तिनं फारच लावून धरलं, तेव्हा तो उठून स्वयंपाकाच्या छपरात ज्ञानेश्वरकडं गेला. तो चुलीपुढं भाकरी थापत होता आणि त्याचाही चेहरा पडलेला होता.

"भाऊ, जरा आवाज कमी करायला सांग की त्यान्ला."

"कसं सांगू राव? पावणं हायेत. नाराज झाली आनि फोनवर वाईट लिहिलं, तर हितं कोन येनार? तुमीच सांगा की. तुमी बी पावणंच, तुमचं ऐकतील."

मग गोरख आला तसा परत गेला.

"एका रातीचा प्रश्न हाय," तो बायकोला म्हणाला. "सकाळी ती तिकडं, आपुन हिकडं. कशाला वाईट व्हायचं?"

आता मात्र ठकूबाई सरसावून बसली. "गोरख, ताटात खडा लागला तर तू वाढनारीला सांगतोस का न्हाई?"

"घरात सांगतो की."

"घरात नुसतं सांगत न्हाईस, घर डोक्यावर घेतोस! आनि भाईर गपगार. त्या पोरान्ला तू मगासपासून शिव्या घालतोस. त्यातली एक तरी त्यान्ला ऐकू गेली का? त्यान्ला ठावंच न्हाई, की हितं कुनाला तरास हुतोय. न सांगता चिडनं म्हंजे चौकशी न करता फाशी देनं!"

"पर आई, सांगितल्यावर भांडान झालं तर?"

"सांगनं येगळं, भांडनं येगळं. तू येळेवर सांगत न्हाईस, आतल्या आत साठवतोस, आनि मग ते साठलेलं फुटतं, त्याला भांडान म्हनत्यात. आज हितं कापडाची भिंत हाय, तिकडं घरी इटांची. भिंतीला भिंत लागली, की तो शेजारी. मग एका रातीचा का असंना!"

गोरखला हे पटलं, पण पटणं आणि उठणं यात बरंच अंतर असतं. "जेवान झाल्यावर बघू," तो म्हणाला.

तेवढ्यात एक गाणं संपलं आणि दुसरं लागायच्या आत क्षणभर शांतता झाली. त्या शांततेत खाचरांच्या बाजूनं आवाज आला.

ओऽ... ओऽ... ओऽ...

गोरखचा तंबू खाचरांच्या बाजूला अगदी कडेला होता, म्हणून त्याला तो स्वच्छ ऐकू आला. तोडून तोडून दिलेला हाकारा! पोरांनीही तो ऐकला. त्यांना वाटलं, रानातून कुणीतरी आपल्या गाण्याला दाद देतंय! सगळ्यांनी एकदम तोंडावर हात धरून आरोळी ठोकली, "ओऽऽऽ!" आणि खदाखदा हसत पुढचं गाणं लावलं.

"आरं देवा, ह्यांनी ओ दिला!" इंद्रायणी ओरडली. "आता त्या म्हातारीला वाटनार, कुनीतरी येतंय! आनि त्यो भागूकाका बी जागचा हालायचा न्हाई!"

ठकूबाईनं गोरखकडं बघितलं.

आणि गोरख उठला! चार ढांगांत तो स्पीकरपाशी पोचला, ऋषीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "भाऊ, हे आधी बंद कर."

आवाजात भीती नव्हती आणि शिवीही नव्हती. ऋषीनं चमकून बघितलं आणि स्पीकर बंद केला. रान एकदम गप्प झालं.

"मगाशी तुमी आरोळी दिली ना, ती कुनाला दिली ठावं हाय का? तिकडं माळ्यावर एक म्हातारी राखनीला हाय. ती आडचनीत हाय, म्हनून मानसाला बोलवत व्हती. हितली रीत अशी हाय, की जो ओ देईल त्यानं जायचं. बाकीचं कुनी येत न्हाई. तुमी ओ दिलाय. आता चला!"

पोरांचे चेहरे खर्रकन उतरले. स्पीकर का थांबला ते बघायला ज्ञानेश्वर छपरातून बाहेर आला आणि काय झालं ते कळताच "आई!" म्हणून खाचरांकडं धावत सुटला. त्याच्यामागं गोरख आणि मोबाइलच्या उजेडात धडपडत सगळी पोरं.

सखूबाई माळ्याच्या पायथ्याशी बसलेली होती. डुकरं खाचरात शिरली म्हणून घाईनं उतरताना शिडीची पायरी निसटली आणि पाय मुरगळला होता. डुकरांनी कडेचं भात आडवं केलं होतं. माणसांचा गलबला ऐकून डुकरं पळाली.

"ओ देऊन कुनी गानं लावतं, असं म्या जन्मात बघितलं नव्हतं," सखूबाई कण्हत म्हणाली. "म्हनलं, गावाची रीत बुडाली की काय!"

पल्याडच्या माळ्यावरून भागूकाकाचा आवाज आला, "आरं, काय झालं? ओ ऐकला, म्हनून म्या हाललो न्हाई!"

ऋषीनं खाली बसून म्हातारीचे पाय धरले. "आजी, चुकलं आमचं. खरंच ठाऊक नव्हतं. कुणीच काही बोललं नाही. आम्हाला वाटलं, सगळ्यांना मजा येतेय."

हे ऐकून ज्ञानेश्वरनं मान खाली घातली. गोरखनंही घातली. कुणीच काही बोललं नाही! पोरांचं चुकलं होतंच, पण त्यांच्या चुकीला आपल्या मुकेपणानं खतपाणी घातलं, हे दोघांनाही लख्ख कळलं.

"पावणं नाराज हुतील म्हनून म्या गप बसलो," ज्ञानेश्वर म्हणाला, "आनि माजी आईच हिकडं एकटी वरडत राह्यली."

सखूबाई मात्र खमकी. पोरांनी तिला हातांवर उचलून तंबूपाशी आणलं, इंद्रायणीनं पायाला हळद लावली, आणि म्हातारी कपाळाला आठी घालून ऋषीला म्हणाली, "तुमाला वरडायची हौस हाय ना? मग जावा माळ्यावर, आनि वरडा! डुकरं तरी पळतील."

हसूच फुटलं सगळ्यांना. पोरं खरोखरच भाकरी बांधून घेऊन माळ्यावर गेली. भागूकाकानं पलीकडून त्यांना लांब हाकारा शिकवला. स्पीकर गाडीत गेला तो पुन्हा बाहेर आला नाही. ज्ञानेश्वरनं त्यानंतर एक नेम केला. पाहुणा आला, की चहाचा कप हातात देतानाच त्याला हाकाऱ्याची रीत सांगायची आणि स्पीकर गाडीतच ठेवायला लावायचा. त्यापायी कुणी नाराज होऊन परत गेल्याचं अजून तरी ऐकिवात नाही.

गोरख अवसरीला परतला तो मोठ्या रुबाबात. दुसऱ्या दिवशी पहाटे टाकी वाहायला लागली, तसा दात न घासताच तो जानकूच्या दारात गेला. "भाऊ, तुमच्या टाकीचं पानी आमच्या अंगनात पडतंय. शेवाळ झालंय. आई घसरून पडत व्हती."

जानकू डोळे विस्फारून बघत राहिला. "आरं, मला वाटायचं, मागल्या मोरीत जातंय! इतकी वर्सं गप का बसलास, राव? टाकी भरली की पानी थांबंल, अशी चावी आजच बसवतो!"

इतकं सोपं होतं! गोरख छाती फुगवून वळला, तोच जानकूनं मागून हाक मारली.

"गोरख, तू बोललास म्हनून मी बी बोलतो. तुजा टेम्पो पहाटं उलटा घेताना ते गानं वाजतं ना... आमच्या म्हातारीला रातभर झोप न्हाई, पहाटं कुठं डोळा लागतो, तर त्या गान्यानं दचकून उठती. किती दिस सांगू सांगू म्हनतोय. पर म्हनलं, कशाला वाईट व्हायचं!"

गोरखची फुगलेली छाती जागच्या जागी खाली आली. पोरांच्या स्पीकरला शिव्या घालणारे आपण, आणि आपलंच गाणं रोज भिंतीपलीकडच्या म्हातारीची झोप मोडत होतं! त्याला लाजही वाटली आणि हसूही आलं.

"ओ दिला, जानकूभाऊ," तो म्हणाला, आणि घरातून पक्कड आणून त्यानं आधी त्या गाण्याची वायर तोडली. मगच टेम्पो बाहेर काढला.

मंडळी, शेजाऱ्याचा त्रास होत असेल, तर मनात कुढू नका आणि अंगावर धावूनही जाऊ नका. जा, आणि नीट सांगा. आणि आपल्या दारात कुणी सांगायला आला, तर त्याच्यावर डाफरू नका. तोही मोठ्या हिमतीनं आलेला असतो. त्याला ओ द्या, आणि ओ दिला की जा!