फरशीवरची चित्रं

माझी तान्ही ढब्बू झोपली की मला हलायची सोय नसे. माझ्या डाव्या मांडीवर तिचं डोकं. जरा सरकले की रडून घर डोक्यावर घेणार. मग भिंतीला टेकून, पाय पसरून, उजवीकडे फरशीवर कागद ठेवायचा आणि चित्रकलेचे पहिले धडे गिरवायचे: दोन ठिपके जोडणारी रेघ, वर्तुळ, खोकं, कपाचं तोंड.

हाव एकच होती. ती मोठी व्हायच्या आत तिचा झोपलेला चेहरा, ते पावासारखे गाल, आपल्या हातानं कागदावर उतरवायचे.

दाखवायचं कुणाला? नवरा म्हणे, "मस्त." नणंद म्हणे, "वहिनी, फ्रेम करून लावा." खोक्यांची फ्रेम! तोंडदेखल्या कौतुकानं हात सुधारत नाही. म्हणून सासऱ्यांना फोनवर फोटो पाठवू लागले. बाबांची हयात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेलेली. ते दुसऱ्या गावी एकटे राहायचे, आणि गोड बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"रेघ केसाळ आलीय," त्यांचा बोलका निरोप फोनवर यायचा. "भेदरलेल्या मांजराची शेपटी जशी. नजर पुढच्या ठिपक्यावर ठेव आणि हात खांद्यापासून हलव, मनगटातून नको."

तसं केलं. मग रेघ सुधारली, वर्तुळ सुधारलं. "आता गोल आलं," ते म्हणाले, तेव्हा तो निरोप मी पुन्हा पुन्हा ऐकला.

चेहऱ्यालाही त्यांनी सोडलं नाही. कपाळ वाढव, कान खाली घे, ओठांभोवती रेघ गिरवू नकोस. अखेर एक चित्र पाहून म्हणाले, "हे जमलं गं."

"बाबा, या की. समोर बघा."

"येतो. गुडघा जरा ऐकू दे माझं."

मीही फार गळ घातली नाही. तेवढ्यात ढब्बू रांगायला लागली, दुपारची झोप मोडली, गाल उतरले.

बाबा आले तेव्हा त्यांनी चहाआधी कागद मागितले. कपाटाला टेकवून ओळीनं उभे केले आणि मागे सरकले. मी बघतच राहिले. वर्तुळं सगळी अंडी झाली होती. आणि माझी ढब्बू लांबुडकी.

नवऱ्यानं डोकावलं. "ही कोण? आपल्या घरात घोडं कधी जन्मलं?"

बाबा हसले नाहीत. "कागद कुठे ठेवून काढलंस?"

"फरशीवर."

"आणि फोटो?"

"बसल्या जागेवरूनच. ती मांडीवर असायची ना."

ते खुर्चीत बसले. "आडव्या कागदाकडे तिरकं बघितलं की त्याची लांबी आखडते. मग डोळ्याला गोल दिसावं म्हणून हात लांबट काढतो. फोटोही तिथूनच, त्यामुळे मलाही गोलच दिसलं." मग हळू आवाजात, "कागदाखालची फळी डोळ्यांसमोर उभी धरा, हे मी शिकाऊ पोरांना पहिल्या दिवशी सांगायचो. तुला विचारलंच नाही. रेघा तपासत बसलो."

"पुन्हा काढते, बाबा."

आम्ही दोघांनी एकदमच ढब्बूकडे पाहिलं. ती टेबलाखालून भरधाव निघाली होती, हनुवटी पुढे काढून, हुबेहूब नणंदेसारखी.

"फोटो आहेत की ढीगभर," नवरा म्हणाला.

आहेत. पण त्या गालांवरून माझा हात गेला होता, रोज, पुसून पुन्हा. ते फोटोत कुठून येणार?

बाबांनी ते शेवटचं चित्र उचललं, गुडघ्यावर हात दाबत वाकले आणि फरशीवर ठेवलं. "बस बघू, बसायचीस तशी."

मी भिंतीला टेकून पाय पसरले. कागदावरचे गाल भरले. ओठ मिटले. ती तिथे होती, श्वासाच्या अंतरावर.

"दिसते?"

"दिसते."

"मला इथून नाही दिसत गं."

त्यांना जागा द्यायला मी उठले. उभी राहिले तसा तिचा चेहरा पुन्हा ओघळला.