फूसीच्या सुतकाची जाहिरात

विमानतळावर फूसीचा भलामोठा फोटो लागला. खाली लिहिलं होतं: 'टोंगा. इथे रोजच सण!'

फोटोत तिच्या कमरेला जुनी, फाटकी, गुडघ्याखाली लोंबणारी चटई होती. तशी चटई आमच्याकडे फक्त सुतकात बांधतात. नवरा नुकताच गेला होता आणि बिचारी मृत्यूचा दाखला आणायला निघाली होती. उन्हाने डोळे बारीक झाले, ते प्रसिद्धी खात्याच्या मानासेला हसू वाटलं. मानासे टोंगनच, पण ऑकलंडात वाढलेला.

फूसीच्या नणंदेचं नाव कालोलाईने. ती भडकली. चटई कधी सोडायची हे मयताची थोरली बहीणच ठरवते.

"माझा भाऊ जमिनीत आणि तू जाहिरातीत? पैसे किती घेतलेस?"

"एक छदाम घेतला नाही, वन्सं. मला विचारलंसुद्धा नाही."

"मग तो फोटो उतरेपर्यंत चटईही उतरायची नाही."

निवृत्तीनंतर मी ब्लॉग लिहितो. वाचक बहुतेक नातेवाईक; टोंगात दुसरा प्रकार मिळत नाही. मी मथळा दिला, 'सुतकाला सणाचा दर्जा: प्रसिद्धी खात्याचा धाडसी निर्णय.' परदेशातल्या भाचरांनी तो जगभर फिरवला. मानासे तडक माझ्या घरी आला.

"काका, देशाची बदनामी करताय तुम्ही."

"देशाची? मला वाटलं तुझी करतोय."

"अहो, फोटो सुधारलाय आम्ही. बघा."

त्याने मोबाइल पुढे केला. चटईची भोकं बुजवली होती. फूसीच्या केसांत लाल फूल खोचलं होतं.

सरकारच्या मूर्खपणावर जन्मभर हसलो, पण त्या फुलापाशी माझं हसू संपलं. मी त्याला दंडाला धरून कालोलाईनेकडे नेलं. फूसी तिथेच पडवीत, चटईत घामाघूम बसली होती.

कालोलाईनेने मोबाइल बराच वेळ पाहिला.

"तुला आत्या आहे ना रे?"

"आहे."

"मग विचार तिला. उद्या तुझा बाप गेला की ती रिवाजाने तुझे केस कापणार, की त्यात फूल खोचणार?"

मानासेचा चेहरा उतरला. "मावशी, फोटो उतरवायला मंत्र्यांची सही लागते."

"लावताना माझी लागली नव्हती."

ती फूसीला घेऊन विमानतळावर गेली. आम्ही मागोमाग. सिडनीचं विमान उतरत होतं. कालोलाईने खुर्चीवर चढली आणि दोन्ही हातांनी फोटो टराटरा फाडला. रखवालदाराने पाठ फिरवली. आत्या त्यालाही होती. पाहुणे मोबाइल उंचावून शूटिंग करत होते.

"काका," मानासे माझ्या कानाशी लागला, "हे ब्लॉगवर टाका ना. 'संस्कृती जिवंत आहे' म्हणून. खात्याचंही नाव येऊ द्या."

फूसीने ऐकलं.

"संस्कृती मेली नव्हती रे, मेल्या. माझा नवरा मेला होता. त्याचं नाव विचारलंस का कधी?"

त्याने विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर कालोलाईनेने स्वतःच्या हाताने चटईची गाठ सोडली. मी ब्लॉगवर दोनच शब्द लिहिले: सिओसाईया गेला.

पहिली प्रतिक्रिया प्रसिद्धी खात्याची आली. उंचावलेला अंगठा.