अर्धवट अर्ज

एकमत झालं तेव्हा कुणालाच आनंद झाला नाही. पडद्यावरच्या चौकोनांत सगळे चेहरे दमलेले होते. कुणी डोळे चोळत होतं, कुणी आवाज बंद करून जांभई देत होतं. अध्यक्षांनी विचारलं, "मग सातव्या कलमाला कुणाची हरकत नाही असं धरू?" आणि सगळ्यांच्या नजरा एकाच चौकोनाकडे वळल्या.

त्या चौकोनातल्या गृहस्थांना गटातले लोक पाठीमागे हरकतराव म्हणत. एका मोठ्या ब्राउझर कंपनीत ते सुरक्षेचं काम बघायचे, आणि त्यांनी हरकत घेतली नाही असं एकही कलम नव्हतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"माझं मत बदललेलं नाही," ते म्हणाले. "पण आता मी अडवत नाही. असहमती नोंदवा आणि पुढे चला."

मसुद्याच्या संपादक बाईंनी ती नोंदवली. घरी त्यांना धाकटी म्हणत, आणि म्हणणारी आता एकच उरली होती, थोरली बहीण. आपणही तिला धाकटीच म्हणू.

बँकेची, दवाखान्याची, सरकारी कचेऱ्यांची वेब अॅप्लिकेशन कशी वागावीत, याचे सगळ्यांना लागू होतील असे नियम हा गट लिहीत होता. कुणी कंपनीने पाठवलेलं, कुणी विद्यापीठातलं, कुणी घरचं खाऊन आलेलं. एकाने लिहायचं, बाकीच्यांनी फाडायचं, मग पुन्हा लिहायचं. एका ठिकाणी 'करावे' म्हणायचं की 'केलेच पाहिजे', यावर अख्खा हिवाळा गेला होता. सभा धाकटीच्या नेमक्या जेवणाच्या वेळेला यायच्या. इतक्या वर्षांत तिला गार जेवायची सवय झाली होती.

सातवं कलम मात्र तिचं स्वतःचं होतं. अर्ज भरता भरता वेळ संपला आणि पान आपोआप बंद झालं, तरी भरलेला मजकूर पुसला जाता कामा नये. माणूस परत आला की तो जसाच्या तसा समोर आला पाहिजे. एवढंच. हे तिने ताईसाठी लिहिलं होतं, जरी गटात तसं कधी बोलली नव्हती.

ताई पोहायला शिकवायची. अर्ध्या शहराला तिने पाण्यात ढकललं होतं असं लोक गमतीने म्हणत. आता तिचे हात थरथरत. एक अक्षर टाइप करायचं म्हणजे आधी बोट स्थिर व्हायची वाट बघायची, मग नेम धरायचा, आणि तरी शेजारचं बटण दाबलं जायचं. निम्मा अर्ज होतो न होतो तोच पान म्हणायचं, वेळ संपली. की पहिले पाढे पंचावन्न.

"या वेबसाइटला कुठे जायची घाई असते गं?" ताई विचारायची.

हरकतरावांचं म्हणणं वेगळं होतं. "तुम्ही लिहिलंय, 'माणूस परत आला की'. परत आलेला माणूस तोच आहे हे पानाला कसं कळणार? सगळ्यांच्या घरी स्वतःचा कंप्युटर असतो का?" प्रत्येक सभेत हाच प्रश्न, त्याच आवाजात. धाकटीला वाटायचं, हा माणूस कंपनीचं काम वाचवायला शब्दांचा कीस काढतोय. शेवटी तिने कलमाखाली बारीक अक्षरांत एक टीप घातली, की सामायिक संगणकावर योग्य ती काळजी घ्यावी. काळजी कुणी घ्यायची आणि कशी, हे टिपेत नव्हतं. पण तोवर टीप वाचायचंही त्राण कुणात उरलं नव्हतं.

मसुदा पक्का होण्याआधी कुणाला तरी तो प्रत्यक्ष वापरून दाखवावा लागतो. ज्या कचेरीत ताईचा मदतीचा अर्ज दरवर्षी जायचा, तिनेच आपल्या वेबसाइटवर सातवं कलम आधी बसवलं. ही बातमी गटात आली तेव्हा धाकटीने ती दोनदा वाचली. कित्येक वर्षांच्या भिजत घोंगड्यातून काहीतरी खरंच बाहेर आलं होतं.

त्यानंतरच्याच आठवड्यात ताईच्या अर्जाची मुदत आली. घरातला कंप्युटर धाकटीच्या सभेत अडकलेला होता. शेवटच्या वाचनाची सभा, लांबत चाललेली. ताईने दारातून खुणेनेच सांगितलं की मी वाचनालयात जाते, तिथल्या यंत्रावर भरते, तुझं चालू दे. धाकटीने पडद्यावरची नजर न काढता मान हलवली.

ताई परत आली ती भिंतीला धरून. खुर्चीत बसली, चपलाही काढल्या नाहीत.

"निम्म्यावर हात गेले. मग ते पानही गेलं. सगळं गेलं."

"गेलं नाही, ताई." धाकटीच्या आवाजात खूप दिवसांनी जीव आला होता. "आता तसं होत नाही. उद्या जाऊन उघड, सगळं जागच्या जागी असेल. ते आम्ही केलंय."

"तुम्ही केलंय?" ताई म्हणाली. "मग बरंय." आणि बसल्या जागी तिला झोप लागली.

सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. दारातच म्हणाल्या, "येऊ का?", आत येऊन खाटेच्या कडेवर टेकल्या, आणि ताईचा हात हातात घेतला.

"मी मुद्दाम वाचलं नाही हो," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांचा अर्ज भरायला काल वाचनालयात बसले, तर पान उघडलं आणि आत तुमचंच नाव. मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं. बंद कसं करायचं तेही कळेना. तुम्ही एवढं सोसता, आणि आम्ही खाली राहून आम्हाला पत्ता नाही. अंघोळीचं, रात्रीच्या कपड्यांचं... असं एकटीने काढायचं असतं का? मी येत जाईन सकाळची. मला कसली लाज आलीय?"

ताईने हात सोडवून घेतला नाही. "सांगेन लागलं तर," एवढंच म्हणाली. काकू गेल्या. जाताना त्यांनी दार अगदी हळू लावलं, आजारी माणसाच्या घराचं लावतात तसं.

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. "कसले रात्रीचे कपडे, ताई?"

ताईने बंद दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "तुला माहीत नव्हतं. तुला कळू नये म्हणून मी पहाटे उठून धुवायची. आणि तिला कळलं."

त्या दिवशी धाकटी कामाला बसली, पण काम झालं नाही. कुठे काय झालं ते तिला न विचारताच कळलं होतं. मजकूर त्या वाचनालयातल्या यंत्रातच जपून ठेवला गेला होता, आणि पुढचं माणूस येताच पानाने तो इमानेइतबारे समोर मांडला होता. नियमात होतं तसंच. कुणाची चूक काढायला जागा नव्हती, कारण नियम तिच्याच हातचा होता.

दुपारी तिने हरकतरावांना फोन लावला. कळलं ते असं, की कंपनीने त्यांना दुसऱ्या कामावर टाकलं होतं आणि गट त्यांनी सोडला होता. मागे कुणीतरी बाळ रडत होतं. नात, ते म्हणाले, दात येताहेत. धाकटीने सगळं सांगितलं. ती बहीण आपली आहे हे मात्र सांगितलं नाही, 'एक बाई' म्हणाली.

पलीकडे बाळाला थोपटल्याचा आवाज आला.

"मला बरं वाटायला हवं खरं तर," हरकतराव म्हणाले. "बघा, मी म्हणत नव्हतो का, असं म्हणायची संधी आहे. पण तेव्हा मीच म्हणालो ना, पुढे चला. दमलो होतो. त्या बाईंना माझ्यातर्फे..."

"त्या बाईच बोलतायत," मागून ताई म्हणाली. फोनमधला आवाज ऐकू येईल इतकी जवळ ती केव्हा येऊन उभी राहिली, ते धाकटीला कळलं नव्हतं. ताईने फोन मागितला. हातात धरवेना म्हणून धाकटीने तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला.

"तुम्ही नको म्हणत होतात ना?" ताईने विचारलं. "मग माफी कसली मागताय?"

"मी अडवायला हवं होतं."

"अडवलं असतंत तर काय झालं असतं?"

"तर वेळ संपल्यावर सगळं पुसलं गेलं असतं. तुमचं कुणी वाचलं नसतं."

"आणि मी परत पहिल्यापासून बसले असते. तो अर्ज मी तीन वेळा भरायला घेतलाय मागच्या वर्षी. तुम्हाला माहीतेय माझं नाव लिहायला मला किती वेळ लागतो?" ताईचा आवाज चढला नव्हता, फक्त थकला होता. "मला दोन्ही पाहिजे. पुसलं जायला नको, आणि खालच्या काकूंनी वाचायला नको. एवढी शिकलेली माणसं तुम्ही, एवढी वर्षं बोलताय, आणि मला एकच मिळणार?"

हरकतराव हसले, पण त्यात हसू फार नव्हतं. "करता येतं. मजकूर त्या यंत्रात न ठेवता कचेरीकडे ठेवायचा, आणि तुम्हाला एक किल्ली द्यायची. चार आकडे, नाहीतर एखादा शब्द. परत आलात की किल्ली लावायची. ज्याच्याकडे किल्ली नाही त्याला कोरा अर्ज दिसेल."

"किल्ली," ताई म्हणाली. "आमच्या तलावावर कपड्यांच्या कप्प्यांना किल्ल्या होत्या. रोज कुणीतरी ओल्या अंगाने उभं असायचं, बाई, माझी हरवली."

"मग काय करायचात?"

"कप्पा फोडायला माणूस होता."

"तो आपल्याला ठेवता येणार नाही," हरकतराव म्हणाले. पलीकडे बाळ पुन्हा रडायला लागलं. "हे लिहायला सोपं नाही, बरं का. म्हणूनच मी तेव्हा मांडलं नाही. कोण ऐकणार होतं? मी नुसतं नको म्हणत राहिलो. ते सोपं असतं."

धाकटीने मसुद्याची फाइल उघडली. संध्याकाळपर्यंत दोघं फोनवर एकेक वाक्य लिहीत आणि खोडत होती. हरकतराव पूर्वीसारखेच प्रत्येक शब्दाला अडत होते, पण आता तिला ते अडणं ओळखीचं वाटत होतं. आपलं काही मागे राहिलं तर नाही ना हे बघायला रस्त्यात मागे वळून बघणाऱ्या माणसासारखं.

सभेत तिने सातवं कलम परत उघडावं असं सांगितलं, तेव्हा आधी कुणाला ते खरंच वाटेना.

"पुन्हा?" अध्यक्ष म्हणाले. ते सभ्य गृहस्थ होते, कधी रागावत नसत. आताही रागावले नाहीत, फक्त त्यांनी दोन्ही तळव्यांत तोंड घातलं. "बाई, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण इथे तर नवरीच मांडवातून उठतेय."

तिने काय घडलं ते सांगितलं. या वेळी 'माझी बहीण' म्हणाली. ताईची परवानगी होती. काय वाचलं गेलं ते मात्र सांगितलं नाही आणि कुणी विचारलंही नाही.

मग बोलणं सुरू झालं. गटात एक अंध परीक्षक होता. वेबसाइट ऐकून ऐकून तपासणं हे त्याचं काम. तो म्हणाला, "किल्ली चांगली आहे, पण ज्याला स्मरणाचा त्रास आहे त्याने ती लक्षात कशी ठेवायची? आणि लिहून ठेवायची तर ज्याला लिहिता येत नाही त्याने?" कुणी म्हणालं, मजकूर कचेरीकडे ठेवायचा तर किती दिवस? कुणी म्हणालं, आमच्या कंपनीने जुन्या कलमाप्रमाणे काम सुरू केलंय, आता त्यांना मी काय तोंड दाखवू? एक सदस्य काही न बोलता निघून गेला. त्याचा चौकोन काळा झाला, मग नाहीसा झाला, आणि बाकीचे सरकून त्या जागी आले.

शेवटी अध्यक्ष म्हणाले, "असं करू. सातवं कलम काढून घेऊ. बाकीचा मसुदा यंदा प्रसिद्ध होऊ दे, लोक वाट बघतायत. वेळ संपण्याआधी सूचना द्यायची आणि मागितला तर आणखी वेळ द्यायचा, एवढं राहू दे. मजकूर जपून ठेवायचं पुढच्या आवृत्तीत बघू." ते थांबले. "संपादक बाईंची हरकत आहे का?"

ज्या एका कलमासाठी ती या कामात पडली होती, तेच कलम जात होतं. पुढची आवृत्ती म्हणजे आणखी कित्येक वर्षं, हे सगळ्यांना माहीत होतं. धाकटीने बोलायला तोंड उघडलं आणि तिला हरकतरावांची आठवण झाली, चष्मा टेबलावर ठेवून पुढे चला म्हणणारे.

"काढायला हरकत नाही," ती म्हणाली. "पण पुढच्या आवृत्तीचं काम पुढच्या सभेपासून सुरू करायचं. आजच तसं ठरवायचं. नवा मजकूर माझ्याकडे तयार आहे. आणि ज्यांनी तो माझ्यासोबत लिहिला त्यांना गटात परत बोलवायचं."

"कुणी लिहिला?"

तिने सांगितलं. पडद्यावर पहिल्यांदाच कुणीतरी हसलं, आणि कुणीतरी म्हणालं, देवा, आता 'किल्ली' या शब्दावर एक हिवाळा. पण ठराव झाला. त्या कचेरीलाही तिने त्याच दिवशी कळवलं. त्यांनी लगेच जुनी सोय बंद केली. म्हणजे अर्ज पुन्हा पुसले जायला लागले.

ताईची मुदत संपत आली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटीने गटाचं काम बाजूला ठेवलं. कंप्युटर ताईच्या खाटेशी ओढून आणला आणि स्वतः टाइप करायला बसली. नाव, पत्ता, औषधं, हे सगळं तिला येत होतं. मग 'दैनंदिन कामांत कोणती अडचण येते' हा रकाना आला आणि तिचे हात थांबले.

"तू बघू नकोस माझ्याकडे," ताई म्हणाली. "तिकडे बघ. मी सांगते."

धाकटी पडद्याकडे बघत राहिली. ताई सांगत होती, पोहण्याचे धडे सांगायची तशा एकसुरी, स्पष्ट आवाजात. अंघोळ एकटीने होत नाही, गेल्या उन्हाळ्यापासून. बटणं लावता येत नाहीत. रात्री उठायला उशीर होतो. धाकटी एकेक वाक्य लिहीत होती. एका ठिकाणी तिने विचारलं, "हे 'कधीकधी' लिहू की 'रोज'?"

ताईने विचार केला.

"रोज लिही," ती म्हणाली. "आणि उद्यापासून चादर तू धू. मला नाही होत आता."