अळणी पेज

रत्नागिरीच्या एका धर्मादाय इस्पितळामागे, विहिरीकडे तोंड करून एक चिरेबंदी खोली होती. इस्पितळातले लोक तिला मेणाची खोली म्हणत. रोग्याच्या अंगातून काढलेले मांसाचे तुकडे तिथे येत, मेणात बसवले जात, कागदाहून पातळ कापले जात आणि काचेवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले जात. गाठ साधी आहे की कॅन्सरची, हे सांगणे डॉक्टर रिसबुडांचे काम. आणि सांगता येईल असा तुकडा त्यांच्यापुढे ठेवणे आनंदा शिवलकराचे.

आनंदा मुंबईला इंटर सायन्सपर्यंत शिकला होता आणि हे काम तिथल्याच एका प्रयोगशाळेत हाताखाली राहून शिकून गावी परतला होता. मुंबईत जे सरळ होई ते इथे झगडून करावे लागे. वैशाखात मेण लोण्यासारखे मऊ पडे आणि सुरीखाली काप गोळा होई. म्हणून तो मेणाच्या वड्या ओल्या फडक्यात गुंडाळून माठात ठेवी आणि पहाटेच्या गारव्यात कापायला बसे. पावसाळ्यात काचांवर बुरशी धरे. शुद्ध अल्कोहोल हवेतले पाणी ओढून घेई, तर त्यात भाजलेला मोरचूद टाकून ते पुन्हा कोरडे करावे लागे. जांभ्यातल्या विहिरीचे पाणी आंबूस, त्यात काप धुतला तर निळा रंग उघडत नसे. त्यावर त्याने चुन्याच्या निवळीचा उपाय शोधला होता. या सगळ्याचा त्याला अभिमान होता आणि तो खोटा नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने इस्पितळात कोणाला कळू दिली नव्हती. मांस टिकवण्यासाठी वापरतात त्या फॉर्मॅलिनच्या उग्र वाफेत वर्षानुवर्षे काढल्याने त्याचे नाक मेले होते. "आमटी करपून कोळसा झाली तरी तुम्ही म्हणाल छान झाली," असे त्याची बायको शकू म्हणे, आणि तो हसण्यावारी नेई.

तेहतीस सालच्या मे महिन्याच्या अखेरीस हेदवीच्या बाजूचा एक खारवी, मासेमारी करणारा दाजी, आपल्या बायकोला घेऊन शिडाच्या पडावातून आला. वारा पडल्याने पडाव वाटेत रखडला होता. बायकोचे नाव राही. तिच्या उजव्या हाताला, कोपराखाली, कैरीएवढी गाठ होती. वर्षापूर्वी मासळी साफ करताना शिंगाळ्याचा काटा तिथे रुतला होता, आणि तेव्हापासून ती जागा वाढत गेली होती. जुनी जखम आतून निबर झाली असेल तर औषधपाण्याने हात वाचणार होता. कॅन्सर असेल तर कोपराच्या वर कापावा लागणार होता. तिकडच्या डॉक्टरांनी गाठीचा तुकडा काढून बाटलीत घातला होता आणि बाटली दाजीच्या हाती दिली होती.

"सांबाळून, साहेब," दाजी बाटली पुढे करत म्हणाला. "बायकोचां हाय."

"वाटभर अशी छातीशी धरून बसलेत," राही म्हणाली. "मला कदी इतक्या मायेन धरलां नाय."

आनंदा हसला. बाटलीत निवळ पाणी होते, तळाशी तुकडा होता. त्याने बूच काढले, चिमट्याने तुकडा उचलला आणि कामाला लागला.

घाई करायला हवी होती. मुंबईचे एक सर्जन चार शस्त्रक्रिया करण्यासाठी मुद्दाम आले होते, आणि ते हंगामातल्या शेवटच्या आगबोटीने परत जाणार होते. त्यानंतर नारळी पुनवेपर्यंत समुद्र बंद.

काच तयार झाली तेव्हा आनंदाच्या मनात किंचित खुटखुट झाली. पेशी आक्रसलेल्या दिसत होत्या, त्यांच्यामध्ये फटी पडल्या होत्या, आणि केंद्रके शाईच्या ठिपक्यांसारखी काळी झाली होती. मेण वितळवायची पेटी उन्हाने जास्त तापली असेल, असे त्याने मनाशी ठरवले. तसे तो बोलला मात्र नाही. पेटीवर लक्ष ठेवणे त्याचेच काम होते.

डॉक्टर रिसबूड बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीला डोळा लावून बसले. "काप काही तुमच्या नेहमीच्या हातचा नाही, आनंदराव. पण केंद्रकं फारच गडद आहेत. सार्कोमा वाटतो." सार्कोमा म्हणजे मांसात उठणारा कॅन्सर. त्यांनी चष्मा पुसला. "हात काढावा लागेल."

शस्त्रक्रियेच्या दिवशी सकाळी दाजी मेणाच्या खोलीच्या पायरीवर येऊन बसला. आत बायकोला तयार करत होते आणि त्याला तिथे थांबू देत नव्हते. आनंदा एका नव्या तुकड्यावर फॉर्मॅलिन ओतत होता. त्याची वाफ दारापर्यंत गेली तसे दाजीचे डोळे भरून आले.

"हां, ह्योच तो दवा," तो नाकाला पंचा लावत म्हणाला. "बूच गळत व्हतां. पडावातली मानसां वरडाय लागली, दाजी, ही काय घान आनलीस! माज्या बोटाला लागला तं बोट चरचरला. मी म्हटलां, जित्या मानसाची कातडी जाळतो, तो तिच्या मांसाचां काय ठेवील? दिला ओतून दर्यात."

आनंदाचा हात थांबला. "ओतून दिला? मग बाटलीत काय होतं?"

"मीठ." दाजीच्या आवाजात थोडा अभिमान होता. "जाड मीठ लावलां, वरून खारा पानी भरला. सुरमई आमी तशीच ठेवतो, म्हयना म्हयना काय व्हत नाय. कमी तं नाय ना पडलां?"

भिंतीवरच्या कपाटात ती काच उभी होती. आक्रसलेल्या पेशी, फटी, काळे ठिपके. मिठाने पाणी ओढून घेतलेले कोणतेही मांस, अगदी निरोगीसुद्धा, तसेच काळवंडून दिसले असते. बाटलीचे बूच काढल्याबरोबर कोणाही धडधाकट नाकाच्या माणसाला कळले असते की आत फॉर्मॅलिन नाही.

"मीठ!" आनंदा ओरडला. "अरे, मासा आहे का तो? तुझ्या त्या मिठाने तुझ्या बायकोचा हात जातोय, कळतंय का तुला?"

इतके दिवस तो दाजीला तुम्ही म्हणत होता. दाजी उठून उभा राहिला. तोवर आनंदा त्याच्या शेजारून धावत निघून गेला होता.

शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर डॉक्टर रिसबूड हात धूत होते. सर्जन अंगरखा चढवत होते. आनंदाने सांगितले. मिठाचे सांगितले, आणि सर्जनने "मग बाटली घेताना तुम्ही काय करत होता?" असे विचारल्यावर नाकाचेही सांगितले.

सर्जनने त्याच्याकडे नखशिखांत पाहिले. "छान. आंधळ्याला दीपस्तंभावर बसवलंय तुम्ही, रिसबूड."

रिसबुडांनी हात कोरडे केले. मग म्हणाले, "दोष माझाही आहे. काप वाईट आहे हे मला दिसलं होतं, आणि तरी मी त्यावरून निदान केलं."

"मी उद्याच्या बोटीने जाणार," सर्जन म्हणाले. "ती चुकली तर पावसाळाभर इथे अडकेन. आज नवा तुकडा काढून देतो. उद्या सकाळी मला निश्चित उत्तर हवं. नाही मिळालं, तर मी कापणार नाही. आणि तो सार्कोमा असेल तर पुढे कापायला कोणी यायच्या आत बाई जाईल. समजलं?"

आनंदाला समजले होते. एरवी तुकडा मेणापर्यंत न्यायला काही दिवस लागत. त्याने सुपारीच्या खांडाहून लहान तुकडा घेतला, ऊन फॉर्मॅलिनमध्ये टाकला, ॲसिटोनमध्ये पाणी काढून घेतले आणि पातळ मेणात सोडला. या वेळी पेटीजवळून तो हलला नाही. प्रत्येक बाटली उघडताना त्याने भिकाजीला, म्हणजे वॉर्डातल्या नोकराला, हाक मारून वास घ्यायला लावला.

"हा कसला?"

"मेल्या उंदराचा," भिकाजी पहिल्यांदा म्हणाला. मग आनंदाचा चेहरा बघून त्याने थट्टा सोडली. "फार्मलीनच आहे, आनंदराव. डोळ्यांत पाणी आलं बघा."

काम करता करता आनंदाच्या मनात एक आशा मूळ धरत गेली. काळे ठिपके मिठाचे असतील. निबर झालेली जुनी जखम असेल, आणखी काही नाही. ती बाई पुन्हा उजव्या हाताने कोयता धरील. ही आशा त्याला राहीसाठी होती आणि स्वतःसाठीही होती. दोन्ही वेगळ्या करणे त्याला जमले नाही.

पहाटे त्याने सुरी चामड्यावर परजली, माठातली वडी काढली आणि कापायला बसला. मेण त्या वेळी तरी घट्ट होते. सुरीवरून अखंड फीत उतरली. कोमट पाण्यावर ती सोडली तशी सुरकुती न पडता पसरली. काचेवर घेतली, रंगवली, निवळीत धुतली. निळा आणि गुलाबी असे स्वच्छ रंग उघडले. एवढा चांगला काप त्याने त्या उन्हाळ्यात कापला नव्हता.

त्याने स्वतः आधी पाहिले. कडेला निरोगी स्नायूचे धागे होते, एकही फट नसलेले, जणू काप नीट झाल्याची साक्ष द्यायला ठेवलेले. आणि त्या धाग्यांमध्ये घुसत गेलेल्या त्या पेशी होत्या. लहानमोठ्या, वेड्यावाकड्या, कुठे एकीच्या दोन होताना पकडलेल्या. त्यांना मिठाचा स्पर्शही झालेला नव्हता.

डॉक्टर रिसबुडांना या वेळी वेळ लागला नाही. "तेच आहे," ते म्हणाले. पुढे म्हणाले, "तिच्या काखेतही मला एक गाठ लागली. हात काढू. पण दिवाळी दिसेल असं मला वाटत नाही. इतक्यात त्यांना सांगू नका."

राहीच्या हातातल्या बांगड्या काढायला नर्स हातोडी घेऊन आली तेव्हा राही म्हणाली, "फोडू नकासा. साबन लावा." उजव्या हातातल्या सगळ्या हिरव्या बांगड्या तिने साबणाने उतरवून घेतल्या आणि डाव्या हातात चढवायला लावल्या. डावा हात मनगटापासून अर्ध्यापर्यंत भरून गेला. त्याच हाताने तिने दाजीला जायची खूण केली.

दुपारी आगबोटीचा भोंगा बंदरावरून ऐकू आला. कापलेला हात दाजीने मागून घेतला, पंच्यात गुंडाळला आणि समुद्राच्या बाजूला घेऊन गेला. त्याने तो जाळला की पुरला, हे त्याने कोणाला सांगितले नाही.

त्यानंतर आनंदा त्याला टाळत राहिला. काच कपाटात होती, उत्तर बरोबर आले होते, आणि आता बोलण्यासारखे काही उरले नाही असे तो स्वतःला सांगत होता. एके दिवशी भिकाजीच म्हणाला, "तुमचा तो खारवी अळणी पेज पितो. तांदूळ शिजवतो, मीठ घालू देत नाही. खारवलेल्या बांगड्याला हात लावत नाही. नवस बोललाय की काय कोण जाणे."

आनंदा वॉर्डात गेला. राही भिंतीला टेकून बसली होती. दाजी खाली चटईवर पेजेची वाटी घेऊन होता.

"तुमीच सांगा ह्यांना," राही म्हणाली. "म्हनतात, घरी गेल्यावर मीठ घरात आनायचां नाय. मासा खारवायचा नाय. अवो, मंग पावसात खायचां काय नि इकायचां काय? चार म्हयने दर्याकडं बगत बसायचां?"

"दाजी," आनंदा उकिडवा बसला. "तुमच्या मिठाने हात गेला नाही. गाठ आधीच तशी होती. दुसरा तुकडा मी बघितला ना, त्याला मीठ लागलंच नव्हतं, तरी त्यात तेच होतं. अंगापासून सुटलेल्या तुकड्याला काही केलं तर ते अंगाला लागत नाही."

दाजी वाटीकडे बघत म्हणाला, "तुमीच तं बोललात. माज्या मिठान हात जातोय म्हनून."

"बोललो."

"शिकलेला मानूस उगाच बोलल काय?"

वॉर्डात दुसऱ्या खाटेवर कोणीतरी कण्हत होते. आनंदाने खाली मान घातली. "माझ्या नाकाला वास येत नाही, दाजी. बाटली उघडली तेव्हाच मला कळायला हवं होतं की तिच्यात औषध नाही. कळलं नाही. काच बिघडलेली दिसली तेव्हाही मी गप्प बसलो. मीठ चालत नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मला सगळं माहीत होतं."

"मंग माज्यावर का वरडलात?"

"चूक माझी होती, म्हणून."

दाजीने त्याच्याकडे प्रथमच सरळ पाहिले. त्या नजरेत क्षमा नव्हती, रागही फारसा नव्हता. वाऱ्याची दिशा पारखताना खलाशी आभाळाकडे पाहतो तसा तो पाहत राहिला. त्याला किती पटले, हे आनंदाला कळले नाही.

राहीने डावा हात लांबवला. भिकाजीने तिच्या ताटाशी ठेवलेल्या मिठाच्या पुडीतून तिने चिमूट घेतली. बांगड्या मनगटावर घसरून एकमेकींवर आपटल्या. चिमूट वाटीपर्यंत नेताना अर्धे मीठ चटईवर सांडले, उरलेले पेजेत पडले. तिने पुन्हा चिमूट घेतली.

"पुरे," दाजी म्हणाला.

"प्या आता."

दाजीने वाटी दोन्ही हातांत धरली. पेज निवून वर साय आली होती. त्याने डोळे मिटून एक घोट घेतला आणि तो तोंडात तसाच धरून ठेवला, नंतर गिळला.

"खारट झाली काय?" राहीने विचारले. "डाव्या हाताला अजून माप नाय. येल हळूहळू."

आनंदाला डॉक्टरांचे दिवाळीबद्दलचे बोलणे आठवले. तो उठला.

"खारट हाय," दाजी म्हणाला, आणि त्याने दुसरा घोट घेतला.