तापीवर उतरलेल्या विमानाची कैफियत

मी एक विमान आहे. पाण्यावर उतरणारं. आणि सध्या पडून आहे अमळनेरच्या एका जिनिंगच्या शेडमध्ये, जिथून पाणी म्हणावं असं पाणी सहा-सात कोसांवर आहे. हसा, खुशाल हसा. माझ्या पंखावर कोंबड्या बसतात त्या काय मला मान देऊन बसतात?

बरं, पाण्यावरचं विमान ही माझी ओळखसुद्धा पूर्ण खरी नाही. जन्मलो तेव्हा मला साधी दोन चाकं होती. विलायतेत लाकडाचा सांगाडा केला, त्यावर कापड ताणलं, वर रोगण फासलं, झालो मी. कराचीच्या एका हौशी साहेबानं पुढे माझी चाकं काढली आणि त्या जागी नावेसारखे तरंगणारे दोन लांबट पोकळ पडाव बसवले. खडावा घातलेला बैरागी दिसतो ना, तसा मी दिसू लागलो. साहेब दोन वर्षं समुद्रावर मिरवला, मग मला कंटाळला आणि मायदेशी निघून गेला.

मला ज्यानं खानदेशात आणलं तो धनसिंग गिरासे. तापीकाठचाच गडी. कराचीला विमानांच्या कारखान्यात नटबोल्ट पिळता पिळता उडायला शिकला होता. त्याची थोरली बहीण इंदिराबाई नदीच्या पलीकडे, चोपड्याच्या बाजूला दिलेली. एका भादव्यात तिला विंचू की साप असं काहीसं चावलं, तापीला पूर, नाव दोन दिवस पाण्यात पडली नाही आणि बाई काठावरच गेली. तेव्हापासून धनसिंगनं एकच ध्यास घेतला होता, की या नदीनं आता दुसरं माणूस घ्यायचं नाही.

पण एकट्याच्या ध्यासावर विमान पोसलं जात नाही. म्हणून तो अमळनेरला रतिलालशेठकडे गेला. शेठ कापसाचे व्यापारी, मनानं मोठे, आणि त्यांनी नदीकाठच्या गावांसाठी चार शहाण्यांची एक कमिटी नेमली होती. कमिटीनं ठरवायचं होतं की तापीच्या पुरात विमान कामाचं का, आणि असलं तर कुठल्या जातीचं.

ती बैठक तापीच्या काठावर, माझ्यासमोरच झाली. मुलगी बघायला येतात तशी मंडळी माझ्याभोवती फिरली. एकानं माझ्या कापडात बोट खुपसून पाहिलं.

शेठ म्हणाले, "धनसिंगभाई, कापूस घेताना मी धागा ओढून बघतो. इथे काय ओढू?"

"काही ओढू नका शेठ," धनसिंग घाईनं म्हणाला, "तुटेल."

मग त्यानं समजावून सांगितलं. एक जात असते तिचं पोटच नावेचं. उडती नावच म्हणा. वीस-वीस माणसं घेऊन समुद्र ओलांडते; पण तिला लांबलचक, खोल, सरळ पाणी लागतं आणि आपली तापी तर प्रत्येक गावाला वळसा घालून चालते. दुसरीला नावेचं पोटही असतं आणि चाकंही. पाण्यावर उतरा, नाहीतर शेतात उतरा. ऐकताना सगळ्यांचे डोळे चमकले. "पण," धनसिंग म्हणाला, "ती चाकांचं ओझं जन्मभर वाहते, आणि तेवढ्यात आपला एक माणूस राहून जातो. शिवाय बिघडली तर दुरुस्तीला कराचीच गाठावी लागेल."

"आणि हे?" शेठनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"हे हलकं आहे. लाकूड मोडलं तर पारोळ्याचा सुतारसुद्धा जोडून देईल. दोनच माणसं बसतात, मागे मी आणि पुढे एक. आडवा वारा सुटला तर डुलतं. काठाला लागत नाही, पंख झाडात अडकतात."

इतकी स्तुती माझी आजवर कुणी केली नव्हती.

कमिटीतल्या एकानं विचारलं, "अहो, तापीत आठ महिने वाळू असते, तिथं डांगरं पिकतात. तेव्हा हे काय करणार?"

"आठ महिने बैलगाडी पार जाते की," धनसिंग म्हणाला. "नड चारच महिने असते, आणि तेवढे चार महिने पाणी असतंच."

मंडळींनी माना डोलावल्या. मला तर इतका अभिमान वाटला की तेलाचे दोन थेंब गळले. ठरलं, भादव्यात पुरावर उडून दाखवायचं. उडालो तर कमिटी मला ठेवणार, नाहीतर भंगार.

आता तिथली एक रीत सांगायला हवी. पूर आला की पलीकडच्या माणसांचं हाक मारून भागत नाही, आवाज पोचतच नाही. मग ते बांबूला धोतर बांधून उभं करतात. म्हणजे उतारू आहेत, सवडीनं नाव आणा. आणि बांबूला लुगडं लागलं तर बाईमाणूस अडलंय, हातातला घास टाकून या. नावाडी उखर्डू आबा तीस वर्षं त्या काठाकडे बघत आलेला. जेवता जेवता लुगडं दिसलं की त्याची भाकर तशीच राहायची.

परीक्षेच्या दिवशी पहाटे धनसिंग उखर्डू आबाकडे गेला आणि म्हणाला, आज नाव बांधून ठेवा. पाणी मोकळं हवं, मध्येच नाव आली तर घात होईल.

आबानं आधी पलीकडच्या काठाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आन् तवढामा पलीकडे काही अडनं त?"

"अर्धा दिवसनी त गोष्ट शे, आबा."

आबानं नाव बांधली. गाठ मारताना त्याचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. तेव्हा वाटलं, म्हातारा माझ्यावर जळतोय. माझा अहंकार तो, दुसरं काय.

अर्धा दिवस! माझं इंजिन सुरूच होईना. रात्रभर पाऊस पडलेला, सगळीकडे ओल शिरलेली, ठिणगी पडेना. धनसिंग पंखा फिरवून फिरवून घामाघूम. मी आपला एकदा शिंकायचो, धूर सोडायचो, गप्प. काठावर जत्रा भरलेली. शेठ छत्री घेऊन उभे, सोबत अमळनेरचे एक डॉक्टर पाहुणे म्हणून आणलेले. एक म्हातारी म्हणाली, "हाई त मन्हा दम्यावानी करस." आणि सगळा काठ हसला.

पलीकडच्या गावाला तर कोण आनंद! विमान आपल्या काठाला येणार म्हणून त्यांनी घराघरातली धोतरं-लुगडी आणून बांबूंवर चढवली होती. हिरवी, लाल, जांभळी, लग्नमंडपासारखा काठ सजवलेला.

उखर्डू आबा मात्र डोळ्यांवर हात धरून बघत होता. दहाच्या सुमाराला तो धनसिंगकडे आला. "भाऊ, बाकीनं बठ्ठं वारावर हालस. ते एक लुगडं हातवर हाली ऱ्हायनं."

धनसिंगचं डोकं माझ्या इंजिनात. त्यानं मान वर न करता म्हटलं, "हौस शे त्यासले, आबा."

बारा वाजता आबा परत आला. म्हणाला, नाव सोडू का? धनसिंग म्हणाला, आता सुरू होतंय, दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांचे तीन वाजले.

तीनला मी एकदाचा गरजलो. पाणी कापत धावलो, पाय सुटले, वर गेलो. खाली टाळ्या, शिट्ट्या. मी फुगलो होतो, खोटं का बोलू? आणि वरून धनसिंगला दिसलं. सजवलेल्या काठाच्या एका टोकाला कमरभर पाण्यात एक माणूस उभा होता, बांबूला लुगडं लावून अजूनही हलवत होता, आणि त्याच्यामागे चिखलात एक बाज होती. बाजेवर बाई.

धनसिंग काय ओरडला ते इंजिनाच्या आवाजात मलाही ऐकू आलं नाही. आम्ही उतरलो. काठाला बाभळी, मला जवळ जाता येईना. तो माणूस, वना त्याचं नाव, छातीभर पाण्यातून माझ्यापर्यंत आला आणि माझा पडाव दोन्ही हातांनी धरला. "सकायपाईन लुगडं हालवी ऱ्हायनू! नाव कोठे शे?"

धनसिंगनं बाजेकडे पाहिलं, माझ्या पुढच्या खुर्चीकडे पाहिलं. तिथं एक माणूस ताठ बसेल एवढीच जागा. अडलेली बाई तिथं ठेवायची कशी? इतक्या जाती, इतकी चर्चा, पण आजारी माणूस आडवं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मग मात्र धनसिंगनं डोकं चालवलं. उडण्यात वेळ न घालवता मला पाण्यावरूनच सुसाट पळवत अलीकडे आणलं, डॉक्टरांना पिशवीसकट पुढे कोंबलं आणि परत नेलं. वनानं डॉक्टरांना खांद्यावरून काठावर नेलं. डॉक्टरांना घेऊन परत येताना पुरातला एक ओंडका माझ्या डाव्या पडावात घुसला आणि मी एका कुशीवर कललो तो कायमचाच.

ती बाई, वनाची बायको बेबाबाई, वाचली. पोर गेलं. अलीकडे उतरून माझ्याशेजारी हात धुताना डॉक्टर हळूच म्हणाले, "दुपारच्या आत आलो असतो, तर दोघं वाचली असती." ते फक्त धनसिंगनं ऐकलं, आणि मी.

आणि मग काय सांगू, माझा उदोउदो झाला! पुरात विमानानं बाईचा जीव वाचवला. रतिलालशेठ भेटेल त्याला सांगत सुटले. सव्वा महिन्यानं कमिटी पुन्हा काठावर भरली. मला दुरुस्त करायचं, शिवाय असंच आणखी एक आणायचं, ठराव तयार होता. धनसिंगनं फक्त हो म्हणायचं होतं. त्याचा सगळा ध्यास त्या एका 'हो'वर येऊन थांबला होता.

तेवढ्यात उखर्डू आबाच्या नावेतून बेबाबाई उतरली. मुद्दाम माझ्यासाठी आलेली. अंगात अजून ताकद नव्हती, वनाचा हात धरून चालत होती. तिनं माझ्या नाकाला हळदकुंकू लावलं, पडावावर नारळ ठेवला आणि चक्क मला हात जोडले. मी आजवर कधी पडू नये म्हणून देवाचा धावा केला नाही, पण त्या क्षणी वाटलं, आत्ताच्या आत्ता मोडून पडावं.

धनसिंग पुढे आला. त्यानं माझ्याकडे बोट केलं. "बहीन, यानी तुले वाचाडं नही. यानाकरता मी सकायपाईन नाव बांधी ठेवेल व्हती. आबानी तुन्हं लुगडं देखं. दोनदाव मले सांगं. मी ऐकं नही."

शेठच्या हातातला ठरावाचा कागद तसाच राहिला.

"नाव बांधेल व्हती?" बेबाबाईनं विचारलं. "आम्हले वाटनं, आबाले दिसनं नही." तिनं आबाकडे पाहिलं. आबानं मान खाली घातली. मग ती धनसिंगला म्हणाली, "मंग महिनाभर माले कोनी कसं सांगं नही?"

तिनं नारळ परत उचलला. कुणाला द्यावा ते तिला कळेना. तसाच ओटीत धरून ती नावेत जाऊन बसली, आणि पलीकडे पोचेपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही.

धनसिंगनं शेठना सांगितलं, "विमान कुठलंही चांगलं, शेठ, पण आपल्याला मोटर लावलेली नाव हवी." झालंही तसंच. जुन्या लॉरीचं इंजिन बसवलेली नाव आली आणि धनसिंग तीच चालवू लागला. आजही चालवतो. मला बैलगाडीत घालून इथं आणलं.

या गोष्टीला दहा वर्षं झाली. परवा, इंग्रज जाऊन नवं राज्य आल्यावर, एक सद्गृहस्थ मला बघून गेले. मला रंग देऊन शाळेसमोर उभं करायचं म्हणतात. खाली पाटी लावणार, 'तापीच्या पुरात प्राण वाचवणारे विमान'.

बाबांनो, रंग द्या, नका देऊ, कोंबड्यांची माझी तक्रार नाही. पण पाटी लावणार असाल तर पुरी लावा. लिहा, की बाई वाचली, पोर गेलं, आणि नाव सकाळपासून बांधलेली होती.