गच्चीवरची येळवस

बियाण्यांच्या दुकानात बसून मी दिवसभर लोकांना सल्ले देतो. हवामान बदललंय, वाण बदला, पाणी जपून द्या. लोक माना डोलावतात. माझ्याच गच्चीवरच्या कुंड्या मात्र माझं काडीचं ऐकत नाहीत.

अव्वा, माझी आई, अक्कलकोटकडच्या आमच्या गावात एकटीच राहायची. रान बटईनं दिलेलं, गुडघे दुखणारे. दिवाळीला मी तिला हट्टानं सोलापुरात आणलं. आल्या आल्या तिनं बजावलं, "येळवसंला मी गावाकडं जाणार. हितं माती न्हाय, कशाची पूजा करू?" वेळ अमावास्येला आमच्याकडे रानात पिकाची पूजा करतात आणि तिथंच ओल्या शेंगा-भाज्यांची भज्जी आणि आंबील जेवतात. एकदा गेली की ती परत यायची नाही, हे मला ठाऊक होतं. मला ती जवळ हवी होती. म्हणून छाती ठोकून सांगितलं, "यंदा येळवस गच्चीवर. भज्जीतली तूरसुद्धा आपल्या कुंडीतली!"

तुरीला तेव्हा फुलं होती. त्यांचे फोटो मी गिऱ्हाइकांनाही दाखवले. मग कार्तिकात पावसानं झोडपलं. उरलीसुरली फुलं मार्गशीर्षात करपली. ऐन थंडीत आम्ही पंखे लावून झोपत होतो. मी जाळी बांधली, औषध मारलं, झाडांना शिव्या घातल्या. शेंग एकही धरली नाही.

येळवसंच्या आदल्या दिवशी मंडईतून तुरीच्या हिरव्या शेंगा आणल्या आणि बायकोच्या शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्यानं झाडांना बांधत बसलो.

"अहो, वय काय, करताय काय?" सिद्धेश्वरी म्हणाली.

"तू दोरा तोडून दे," मी म्हटलं.

सकाळी पूजा झाली. अव्वाला मी ऐटीत कुंडीपाशी नेलं. तिनं शेंग ओढली, तर अख्खी फांदी वाकली पण शेंग सुटेना. मेल्या माझ्या गाठी! तिनं वाकून गाठ पाहिली, मग मला पाहिलं. त्याच कुंडीत स्वतःला पुरून घ्यावंसं वाटलं.

तिनं नखानं एकेक गाठ सोडवून शेंगा पदरात घेतल्या. भज्जी झक्क झाली होती म्हणे. मी नुसता घास चिवडत होतो. आता अव्वा पिशवी भरून गावाकडं निघणार, एवढंच डोक्यात.

हात धुताना अव्वा म्हणाली, "कल्लू, पुढल्या येळवसंला हिरवा दोरा आण रं. पांढरा लई लांबनं दिसतोय की."